बंद खाडीतून वाढणारी फाइल

मी मोजमाप करणारी बाई आहे. जे मोजलं, ऐकलं, तेवढंच सांगते. यातलं काहीही बनवलेलं नाही.

दक्षिणेकडच्या महासागरातल्या कांदावू बेटावरचं आमचं गाव, गेल्या जुलैतली दुपार.

मामा वारले होते. रीतीप्रमाणे शंभर रात्री गावाची खाडी बंद. होडी नाही, जाळं नाही. त्या शांततेत मी पाण्याखालचे आवाज रेकॉर्डरवर टिपले होते. मासे, झिंगे, सगळं जिवंत. वाळू उपसणारी कंपनी म्हणत होती, इथलं प्रवाळ मेलंय. दोन दिवसांनी राजधानीत, सुवा शहरात सुनावणी. ही फाइल आमचा एकमेव पुरावा.

फाइल प्रचंड होती. आमच्या इंटरनेटवरून पाठवायची, तर कॉम्प्रेस करून लहान करणं भाग होतं.

केली. तपासली.

खराब...

पुन्हा केली. पुन्हा खराब.

मामांचा मुलगा आपिसाई शेजारी उकडलेला कसावा कंद खात होता. आमच्याकडे मामेभावाने टोमणे मारायचेच असतात.

“एवढी शिकलीस ताई, आणि एक गाठोडं बांधता येईना?”

“तोंड पूस आधी. कीबोर्डवर सांडतोयस.”

डिस्कवर जागा होती. मेमरी ठीक. केबल बदलली. मग संगणकातल्या लिनक्सने दिलेली सूचना नीट वाचली. ‘वाचत असताना फाइल बदलली,’ असं लिहिलं होतं.

म्हणजे तिच्यात कुणीतरी अजून लिहीत होतं.

रेकॉर्डर टेबलावर होता. बॅटरी काढलेली...

फाइलचा आकार पाहिला. वाढला होता.

लिहिणारा प्रोग्रॅम शोधला.

एकही नाही...

शेवटचा भाग ऐकला. होडीच्या कडेवर वल्ह्याचा ठोका. मग दुसरा...

आपिसाईचा घास हातातच राहिला.

“बाबा असेच ठोकायचे. जाळं ओढायला बोलवताना.” त्याने घास खाली ठेवला. “ताई, पुसून टाक.”

“का म्हणून? खाडी त्यांचीही आहे.” मी स्क्रीनकडे वळले. “मामा, लिहायचं तेवढं लिहा. ही फाइल जाणार म्हणजे जाणार.”

कॉम्प्रेस करायचा नाद सोडला. डिस्क कापडात गुंडाळली आणि खाडी बंद म्हणून शेजारच्या गावातून बोट धरून स्वतःच सुवाला निघाले.

सुनावणीत कंपनीचा वकील हसला. “हे ठोके कसले, बाई? मासे सुतारकाम करतात?”

“ते माझे मामा आहेत.”

कुणी हसलं नाही.

तज्ज्ञांनी फाइल तपासली. बनावट नाही म्हणाले. उपसा तूर्त थांबला.

अजूनही डिस्क जोडली, की आकार वाढलेला असतो. हल्ली ठोके दोन होड्यांचे येतात...

दुसऱ्या होडीत कोण आहे, मला माहीत नाही. आपिसाई रोज पुसायला सांगतो.

मी पुसणार नाही.