तिसरा सिलिंडर

माझी गाडी त्रेपन्न सालची, विलायती. टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीत उभी केली की बॉनेट शेजारच्या गेटपर्यंत जातं. आत सहा सिलिंडर एका रांगेत. असलं इंजिन सिल्वासात मी दुसरं बघितलेलं नाही. ब्रेक नवे बसवले, सीट व्हॅनच्या टाकल्या, दिवे बदलले. इंजिनाला मात्र हात फक्त भगवंतकाकांचा. मालती म्हणते, "बायकोची एवढी चौकशी केली असती तर गुडघे तरी दुखले नसते माझे."

काकांचं गॅरेज आमलीला. तपासायची पद्धत एकच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानाला, डोळे मिटलेले. जितव्या नंबरचा सिलिंडर झोपलेला, तितक्या टिचक्या मडगार्डवर. तोंडाने एक शब्द नाही.

आता असा माणूस समोर असताना मी गप्प बसेन? स्टिअरिंगखाली एक चोरबटण बसवलं. दाबलं की तिसऱ्या प्लगचा करंट बंद. गाडी फडफडायची. काका ऐकायचे. टक, टक, टक. ते पाना घेऊन येईपर्यंत मी बटण सोडलेलं. गाडी लोण्यासारखी.

"काय झालं होतं हो हिला, काका?"

"लाडावलीय. तुझ्यावर गेलीय."

एकदा मी शर्ट वर करून पुढे झालो. "माझंही इंजिन तपासा की."

"थांब," काका म्हणाले. "सवडीने बघतो."

अकरा वर्षं हा खेळ चालला. श्रावणात काका गेले. तो स्क्रूड्रायव्हर कुणालाच सापडला नाही.

काकांशिवाय हे इंजिन सांभाळणार कोण? काढून जीपचं डिझेल इंजिन घालायचं ठरवलं. रविवारी सकाळी आधी वायरी सोडवायला कल्पेश वायरमन आला. तो हात लावायच्या आधी, शेवटचं म्हणून, मी गाडी चालू केली आणि बटण दाबलं. फडफडली. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

कल्पेश डॅशबोर्डखाली आडवा झाला.

"सुधाकरभाई, हे बटण कशाचं? याला तर वायरच नथी."

मी वाकून बघितलं. बटणाच्या दोन्ही वायरी कापलेल्या. प्लगची लाइन सरळ जोडलेली, जोडावर हिरवी टेप आणि टेपवर पांढरा दोरा. असा दोरा फक्त काका बांधायचे.

"टेप सुकून लाकूड झालीय," कल्पेश म्हणाला. "कितीतरी वर्षं झाली असणार."

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. मला हसू फुटलं. मग ते अर्ध्यातच थांबलं.

मग इतकी वर्षं, आणि आत्ताही, गाडी फडफडली कशी?

बटण खोलून हातात घेतलं. इंजिन चालू ठेवून गेटबाहेर गेलो. दाबलं.

फडफड.

सोडलं. लोणी.

मग मडगार्ड वाजलं. टक, टक, टक.

कल्पेश गाडीच्या आत होता. मडगार्डजवळ कुणी नव्हतं.

त्याने पक्कड पिशवीत टाकली. "इंजिन राहू द्या, भाई," म्हणाला. "आणि चा पण नको."

राहू दिलं. बटण मालतीच्या शिवणाच्या डब्यात टाकलं.

काल दुपारी गाडीच्या मागच्या सीटवर डुलकी लागली. जागा झालो तर बनियनवर, डाव्या बाजूला, काळ्या तेलाचा ठिपका. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाएवढा.

तेव्हापासून मडगार्डकडे कान लावून बसलोय.

आकडा अजून आलेला नाही.