डक्टमधली वायर

मोबाईल जरा बाजूला ठेवा रे. ही माझ्या मेहुण्याची गोष्ट आहे, आणि तो काही थापा मारणाऱ्यांतला नाही. ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या वायरी टाकणं हा त्याचा धंदा.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे स्विच बदलायचा होता. दिवा लावायचा नव्हे गं, हसतेस काय! सगळे कॉम्प्युटर ज्या एका डब्याला जोडतात, तो. कुठल्या भोकात कोण बोलतंय हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचा निरोप त्यालाच पोचवतो. छोट्या दुकानाला साधा पुरतो. लावा आणि विसरून जा. मोठ्या ऑफिसात मॅनेज्ड लागतो, म्हणजे आत काय चाललंय ते लॅपटॉपवर दिसतं. हा नवा तर वायरीतूनच कॅमेऱ्याला, फोनला वीजही देणारा होता. पण आधी चाचपून बघतो, पलीकडे कुणी आहे का? उत्तर आलं तरच वीज सोडतो. नुसत्या लोंबत्या वायरीला नाही.

मेहुणा एकटाच गेला. पूर्वी जोडीला लंबू असायचा. दोन वर्षांपूर्वी याच इमारतीत, याच तिसऱ्या मजल्यावरून डक्टमध्ये वायर सोडताना लंबूचा पाय घसरला. डक्ट म्हणजे वायरींसाठी भिंतीत ठेवलेली विहीरच म्हणा. सापडला तेव्हा जीव गेलेला होता, वायर मात्र मुठीत होती. ती कापून त्याला बाहेर काढलं. वरची तशीच लोंबत राहिली.

तेव्हापासून मेहुणा त्या इमारतीकडे फिरकला नव्हता. शेवटी बायकोच म्हणाली, "किती दिवस टाळाल? जाऊन या एकदा."

रात्री साडेअकराला जुन्यातल्या सगळ्या वायरी काढून नव्यात खोचून झाल्या. हाताच्या सवयीने ती लोंबतीही खोचली गेली. त्याने लॅपटॉप उघडला.

एकोणीस नंबरच्या भोकाचा दिवा... हिरवा.

वीज चालू.

कुठली वायर म्हणून तो बोटाने माग काढत गेला. वायर डक्टच्या दारात शिरत होती.

त्याने खाली वॉचमनला फोन लावला. "काका, डक्टमध्ये कुणी काम करतंय का?"

"खालच्या दाराला कुलूप आहे की हो. किल्ली माझ्या खिशात. का?"

"काही नाही... सहज."

त्याने वायर काढली. दिवा विझला. पुन्हा खोचली.

पुन्हा हिरवा.

मग त्याने डक्टचं वरचं दार उघडलं, त्याला नुसती कडी होती. टॉर्च मारला. उजेड तळापर्यंत पोचेना. लोंबती वायर हलायला हवी ना? ही ताठ होती. ओढून घ्यावी म्हणून त्याने हाताला वेढा दिला...

दोन झटके आले. खालून.

वायर हातात आली की खालचा माणूस दोन झटके देतो. ही त्याची आणि लंबूची खूण होती. दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

वायर ओढली जाऊ लागली. हळू. वेढा हातात रुतला. पाय उंबऱ्यावर सरकला.

"लंबू..."

ओढ थांबेना.

"लंबू, सोड रे. पोरगी लहान आहे माझी..."

नुसती ताठ वायर.

"काम झालं, गड्या. झालं..."

वायर सैल पडली.

त्यानंतर जिना कसा उतरला ते त्याला आजही आठवत नाही. रात्रभर तो वॉचमनच्या खोलीत बसून होता. हाताला वळ.

उजाडल्यावर दोघांनी तळमजल्यावरचं कुलूप काढलं. दारात जुनी कोळिष्टकं. एकही तुटलेलं नाही. आत, छातीच्या उंचीवर, वायरीचं टोक लोंबत होतं. कटरने कापलेलं, उघडं टोक असायला हवं होतं ते.

वॉचमनने वाकून बघितलं. "हे कधी बसवलंत?"

टोकाला प्लग होता, वायर टाकून झाली की शेवटी बसवतात तो. नवा कोरा, पारदर्शक. आत आठही तारा, रंगाला रंग लावून... नीट बसवलेल्या.