रिकामा रकाना

तक्रार आली ती सकाळी दहाला, चहाचा पहिला घोट घेताना.

वजनकाटे विकणाऱ्या त्या कंपनीत तिचं काम सरळ होतं. ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बिघडलं की ते ताळ्यावर आणायचं. आज विक्री विभागातला एक जण तिच्या टेबलासमोर उभा राहून तणतणत होता.

"तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं, गिऱ्हाइकाने माझी मेल सतरा वेळा उघडली. मला वाटलं, बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागलाय. दोन तास गाडी हाणत गेलो. तर तो मलाच विचारतो, कसली मेल?"

आजूबाजूचे फिसकन हसले. तिने मात्र चहाचा कप खाली ठेवला.

प्रत्येक मेलच्या तळाशी ते सॉफ्टवेअर ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं एक चित्र चिकटवून पाठवायचं. मेल उघडली की ते चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून मागवलं जायचं आणि इकडे नोंद पडायची: उघडली. कधी, कुठून, सगळं. ती नोंदच खोटी निघाली तर विक्रीवाल्याच्या दोन तासांपलीकडे कुणाचं काही जाणार नव्हतं. तिचं जाणार होतं.

तिचा धाकटा भाऊ आठ महिन्यांपूर्वी घरातून निघून गेला होता. भांडणाचं कारण सांगायची लाज वाटावी इतकं क्षुल्लक. फोन बंद, मित्रांना पत्ता नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि हात वर केले. राहिला होता त्याचा मेलचा पत्ता. तो तिने गुपचूप ग्राहकांच्या यादीत घातला आणि दर सोमवारी एक मेल पाठवू लागली. आईचा गुडघा, खिडकीची फुटलेली काच, घरातलं बारीकसारीक सगळं. एकतीस मेल झाल्या. उत्तर एकीलाही नाही, पण एकतीसच्या एकतीस 'उघडली'. त्यापुढचे रकाने वाचायचा तिला कधी धीर झाला नव्हता. दर सोमवारी घरी जाऊन ती म्हणायची, "वाचली गं आई त्याने." त्या दिवशी आई दोन घास जास्त खायची.

सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला टेकले होते. डोक्यात शिरेपर्यंत समजावून सांगायची सवय, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

"साधं आहे," गुरुजी म्हणाले. "हल्ली मेल माणसापर्यंत पोचायच्या आधी विषाणू तपासणारं यंत्र ती उघडून बघतं. आपलं सॉफ्टवेअर त्या यंत्रालाच गिऱ्हाईक समजतं. चाळणी लाव. यंत्रांच्या नोंदी गळून जातील."

"सगळ्याच?"

"माणसाने उघडलेल्या राहतील. असल्या तर."

तासभर तिने टेबलाचे खण आवरले, नको त्या फायली चाळल्या. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं. अकरा हजार नोंदींच्या चारशे सहा झाल्या. ती यादी खाली सरकवत गेली. भावाच्या पत्त्यासमोर आकडा होता एकतीस. एकही गळली नव्हती.

तिला रडूच फुटलं. बाहीने तोंड पुसत तिने गुरुजींना बोलावलं आणि भावाचं सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. चष्मा चढवून बराच वेळ वाचत राहिले.

"ठिकाणाचा रकाना रिकामा आहे."

"म्हणजे?"

"तेच कळत नाही. माणूस असो की यंत्र, चित्र मागवतो तो कुठून तरी मागवतो. पत्ता खोटा असेल. पण रिकामा नसतो." त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर थांबलं. "ही या सोमवारची. पाठवलीस अकरा वीसला."

"हो."

"उघडली अकरा चौदाला."

"सर्व्हरचं घड्याळ पुढेमागे झालं असेल."

त्यांनी घड्याळ तपासलं. सेकंदाचाही फरक नव्हता. मग दोघांनी पहिल्यापासून तारखा पाहिल्या. पहिली मेल पाठवल्यावर तीन दिवसांनी उघडली होती. पाचवी एका दिवसाने. दहावी तासाभराने. विसावी पाठवताक्षणी. त्यानंतरच्या सगळ्या, पाठवायच्या आधी. अकरा चौदाला आपण काय करत होतो, ते तिला आठवलं. वाक्य टाइप करत होतो.

"कारण असणारच," गुरुजी म्हणाले. "जेवून येतो, मग बघू." जाताना त्यांनी कोटही नेला आणि पिशवीही.

जेवणाच्या सुट्टीत मजला ओस पडला. रिकाम्या खुर्च्यांवर दुपारचं ऊन पडलं होतं. तिने भावाच्या पत्त्यावर नवी मेल लिहायला घेतली. ठिपका चिकटतो तो पाठवताना. न पाठवलेल्या मेलला तो नसतोच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने लिहिलं, 'तूच आहेस ना? असशील तर ही एकदाच उघड.' आणि हात मांडीवर घेतले.

उघडली: १.

"आहेस रे," ती पुटपुटली. "आहेस." तिने पडद्यावर तळवा टेकला.

उघडली: २.

तिने हात काढला.

३. ९. ४०.

तिने वाक्य पुसून टाकलं. कोऱ्या मेलपुढचा आकडा चढतच राहिला.

तिने त्याचा पत्ताच यादीतून काढून टाकला. आकडा थांबला.

फोन वाजला. घरून होता.

"अगं, आला गं!" आईला धाप लागली होती.

"कोण?"

"कोण काय, वेडाबाई! तुझा भाऊ. आत्ता दार उघडलं तर समोर उभा!"

"आई, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता. शेजारी जाऊन बस."

आई ऐकतच नव्हती. "वाळलाय नुसता. पण तुझ्या सगळ्या मेल पाठ आहेत बघ त्याला. बसल्या बसल्या म्हणून दाखवतोय. माझा गुडघा, ती काच, काही विसरला नाही."

आईच्या मागे कुणीतरी बोलत होतं. आवाज त्याचाच होता. फक्त मध्ये कुठे तो श्वास घेत नव्हता.

"आई, ऐक माझं..."

"थांब जरा, नीट ऐकू दे." आईने फोन कानापासून दूर धरला. मग हसत हसतच, पण हळू आवाजात तिने विचारलं, "ही कुठली गं? 'आई आज दुपारी गेली, तू तेवढा असायला हवा होतास.' असं का लिहिलंस त्याला?"