सवतीचं माहेर

काम म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल एवढं. झाशीत रेल्वे आली तेव्हा कोकणातून इथं नोकरीला आलेले हरिभाऊ हे घराण्याचे इथले मूळपुरुष. त्यांच्या बायकोचं, जानकीचं, माहेरचं आडनाव हवं होतं. पुण्याचे मधुसूदनकाका घराण्याचा कुलवृत्तांत छापत होते आणि छपाई दोन दिवसांवर आली होती. जानकी पोंक्ष्यांची की लघाट्यांची, हा घोळ काही केल्या सुटत नव्हता.

मृदुलाला त्या जानकीशी काय देणंघेणं! तिला रेवतीवर मात करायची होती. रेवती म्हणजे मृदुलाच्या नवऱ्याची, भूषणची, पहिली बायको, सागर गावच्या बापटांची, सात वर्षांपूर्वी गेलेली. मृदुला नागपूरच्या गद्र्यांची. तिला या घरात येऊन तीन वर्षं झाली, पण घर अजून रेवतीचंच होतं. डाळींच्या डब्यांवर तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. सासऱ्यांना, अनंतरावांना, काचबिंदूमुळे जेमतेम दिसायचं. ते हाक मारत तीसुद्धा "रेवती!" अशी, आणि ती ऐकली की मृदुलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"बाबा, मी मृदुला."

"हो, हो, मृदुला," ते म्हणत, आणि तासाभराने पुन्हा तेच. त्यातून परवा म्हणाले, "रेवती असती तर आडनाव केव्हाच शोधलं असतं." मग काय, बाईंनी पदर खोचला.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर लू अशी वाहत होती की सदर बाजारातसुद्धा चिटपाखरू नसेल. भूषण कारखान्यात गेलेला. मागच्या खोलीच्या खिडक्या लावून मृदुलाने जुनी ट्रंक उघडली आणि नेमकी वीज गेली. कूलर घरघरून थांबला. त्या काळोखात तिला खोबरेल तेलाचा वास आला, नुकत्याच घातलेल्या वेणीचा असतो तसा. मृदुलाचे केस मानेपर्यंत कापलेले होते आणि तेल ती कधी लावत नसे.

'जुन्या कपड्यांचा असेल,' असं म्हणून तिने मोबाइलचा दिवा लावला. तळाशी हरिभाऊंची वही होती. एका पानावर लिहिलं होतं, 'शके १८१२, ज्येष्ठ. सौ. जानकीस देवाज्ञा झाली.' तिने पान उलटलं. 'शके १८१३, माघ. सौ. जानकी प्रसूत. पुत्र.'

मृदुलाने दोनदा वाचलं. घामेजल्या पाठीवर काटा आला. मेलेल्या जानकीपुढचं माहेरचं नाव कुणीतरी नखाने खरवडलं होतं. कागद दिव्यासमोर धरला तेव्हा कुठं 'पोंक्षे' दिसलं. बाळंत झालेल्या जानकीपुढे मात्र स्वच्छ 'लघाटे' होतं.

"सापडलं?"

ती दचकली. दारात अनंतराव काठी टेकून उभे होते.

"बाबा, मेलेली बाई बाळंत कशी होईल?"

म्हातारा चाचपडत खाटेवर बसला. "दोघी होत्या त्या. घरात हे बोलायचं नसे, म्हणून मीही आजवर बोललो नाही. दुसरेपणाच्या बायकोला पहिलीचंच नाव ठेवायचे कधी कधी. आणि पहिलीचा टाक तिच्या गळ्यात घालायचे, सवत रुसू नये म्हणून."

टाक काय तो मृदुलाला चांगलाच ठाऊक होता. चांदीच्या पत्र्यावर ठसवलेली बाईची बोटभर आकृती. लग्नाच्या दिवशी रेवतीचा तसा टाक बाबांनीच पुढे केला होता. "माझ्या गळ्यात दुसरी बाई नको," असं तिने भर मांडवात सुनावलं होतं. त्या टाकाची डबी अजून देव्हाऱ्यात पडून होती.

"त्या दुसरीनेही नाही घातला," अनंतराव हळूच म्हणाले. "फार जळायची पहिलीवर. ते खरवडलंय ना... तिनंच. आणि पुढे कुणी माहेर विचारलं, की पोंक्ष्यांचं सांगायची. सख्खा भाऊ भेटायला आला, लघाट्यांचा... तर त्याला विचारते, आपण कोण?"

"भ्रम झाला असेल, बाबा."

"असेल. तू तो टाक घाल ना, मृदुला."

आज प्रथमच त्यांनी आपणहून तिचं नाव घेतलं होतं. तिला भरून आलं, पण टाक आठवताच मन पुन्हा कडू झालं. "बघू," ती म्हणाली. ते काठी टेकत आपल्या खोलीत गेले.

जे रेवतीला जमलं नाही ते आपण केलं! मृदुला अशी खुशीत आली की पुण्याला पाठवायचा फॉर्म तिने लगेच पुढे ओढला. हा फॉर्मही रेवतीनेच कधीतरी अर्धा भरून ठेवलेला. जानकीच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. आणि खाली, भूषणच्या ओळीत, तेच गोल गोल अक्षर: 'पत्नी सौ. रेवती, माहेरची बापट.'

मेल्यावरसुद्धा नंबर लावून बसली आहे! मृदुलाने नख घातलं. रेवती गेली, बापट गेले, कागदाला भोक पडलं. उरलेल्या जागेत तिने 'मृदुला' लिहिलं, वर दोन्ही जानकी नीट भरल्या आणि फोटो काढून काकांना पाठवून दिला.

पाच वाजता वीज आली. भूषण स्कूटर लावून हेल्मेट हातात घेऊन आत येत होता, तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"शाब्बास, सूनबाई! मोठा गुंता सोडवलास. फक्त तुझ्या ओळीत कागद फाटलाय बघ. तुझं माहेर कुठलं?"

"बापट," मृदुला म्हणाली. "सागरचे."

भूषण दारातच थांबला. "काय म्हणालीस?"

"काय म्हणजे? माझं माहेर विचारतायत ते."

"मृदुला... चेष्टा करू नकोस गं."

तिने खरं आडनाव सांगायला तोंड उघडलं. नागपूरच्या घराचं हिरवं फाटक तिला दिसत होतं, फाटकावरची बाबांच्या नावाची पाटी दिसत होती. पण पाटीवरचं आडनाव कुणीतरी नखाने खरवडलेलं होतं. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. भूषण तिच्या नखात अडकलेल्या निळ्या शाईकडे बघत राहिला.

"रेवती!" आतून अनंतरावांची हाक आली. "पाणी आण गं."

"आणते, बाबा," ती लगेच म्हणाली.

ती भांडं घेऊन आत गेली. अनंतरावांनी हात पुढे केला, तिचं मनगट चाचपलं आणि तसंच धरून ठेवलं.

"रेवती," मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मृदुला कुठं गेली?"