दुसऱ्या मात्रेवरचा जोर

"अहो, तुमची सम चुकतेय."

शब्द निसटले आणि क्षमाने जीभ चावली. तबल्याच्या परीक्षा दिलेल्या माणसाची ही खोडच. रस्त्यात कुठं ठेका ऐकला की पाय अडलेच म्हणून समजा. वाकोल्याच्या त्या चाळीपुढे मंडळाची पोरं गणपतीसाठी ढोल बडवत होती, आणि बोटीवरून सुट्टीला आलेला लवू त्यांना शिकवत घामाने निथळत होता.

"चुकत नाही हो," तो हसला. "ब्राझीलच्या बंदरात आमची बोट लागली होती. तिथली पोरं गल्लीत असंच वाजवतात... सांबा-रेगे. जोर पहिल्या मात्रेवर नाही, दुसरीवर. वाजवून बघता?"

झालं. क्षमा इरेला पेटली, रोज संध्याकाळी हजर. दोन मोठे ढोल, एक तिचा, एक लवूचा. तिने ठोका टाकायचा, त्याने उत्तर द्यायचं. काय अवघड त्यात? पण एकटीने अख्खा ताल भरायची सवय. लवूचा हात उठायच्या आत हिची काठी पडायचीच.

"अगं, माझं उत्तर तू कशाला देतेस? थांब ना जरा."

"थांबले तर ठेका पडेल."

"नाही पडणार. मी आहे ना."

एवढंसं बोलणं... पण त्या दिवशी क्षमाच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

हळूहळू ती थांबायला शिकली. तिचा ठोका, मग मधली मोकळी जागा, मग त्याचा. त्या जागेत ती त्याच्याकडे बघायची, आणि तोही. सरळ सांगायचं तर प्रेमात पडली होती बाई. आणि गणपती गेल्यावर दोन महिन्यांत लवू पुन्हा बोटीवर जाणार होता.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी सराव संपला. पोरं पांगली. लवू ढोलाची दोरी उगाचच आवळत बसला.

"बोटीवरच्या माणसाचं काही खरं नसतं," तो खाली बघून म्हणाला. "वर्ष-वर्ष बाहेर. तुझ्यासारखी मुलगी हो म्हणायची नाही... म्हणून मी विचारलंच नाही."

क्षमाला असा राग आला म्हणता!

"आणि आता माझं उत्तर कोण देतंय रे?"

लवूने दोरी सोडली. घाबरला की त्याला फक्त मालवणीच सुचायची.

"माजी... वाट बगशीत?"

"नाही," क्षमा म्हणाली.

त्याचं तोंड एवढंसं झालं.

"वाटबिट काही बघायची नाही मला. लग्न करून जा. बाबा उद्या सकाळी घरी आहेत, त्यांना येऊन विचार. मला विचारून झालंय."