कुठलं ‘आपण’?

“अगं बाई गं! आता ह्यातलं काय काढू, स्वतःचं डोकं?”

हे मी मनातल्या मनात म्हणाले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पण वाचनालयाच्या संगणकखोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. ‘शांतता राखा’ ही पाटी नेमकी माझ्याच डोक्यावर होती. आणि शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं.

“हसायला काय झालं?” मी वळून विचारलं.

निळा शर्ट, चष्मा, विस्कटलेले केस. त्यानं नुसता आपल्या संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्यासारखीच लाल अक्षरं तिथेही होती. माझ्याकडे लिहिलं होतं, ‘शब्दमर्यादा ओलांडली आहे.’ त्याच्याकडे लिहिलं होतं, ‘शब्द अपुरे आहेत.’

“अय्या! तुम्हीपण परिषदेला प्रस्ताव पाठवताय? आणि शब्द कमी? शब्द कुणाला कमी पडतात हो?”

“आपल्याला,” तो म्हणाला. “नेहमी.”

“मला नाही हो पडत!”

“ते... सगळ्या खोलीला कळलं.”

आता राग यायला हवा होता की नाही? आला नाही. चष्म्याआडचे डोळे इतके छान हसत होते की रागाला जागाच उरली नाही.

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिषदेसाठी शोधप्रस्ताव पाठवायचा तो शेवटचा दिवस. पाच वाजले की प्रस्ताव घेणं बंद. तीनशे शब्दांच्या वर नको, अडीचशेच्या खाली नको, आणि लेखकाचं नाव कुठेही दिसायला नको. निवड करणाऱ्यांना कळता कामा नये कोणी लिहिलंय ते.

“तुमच्याकडे जास्त आहेत, इकडे कमी आहेत,” तो हळूच म्हणाला. “सोपं आहे की.”

“म्हणजे उसने देऊ?”

“दानच द्या. परत करायची ऐपत नाही.”

मी खुर्ची सरकवली. काय करणार, अडला हरी! त्याला वाचायला देण्याआधी मी सगळी हकीगत तोंडीच सांगून टाकली. मी तिसरीची बाई. वर्गात मागे, कपाटाच्या आडोशाला एक चटई आणि दोन जुने मोबाइल ठेवलेत. मुलांनी तिथे बसून धडा वाचायचा, तो मोबाइलमध्ये भरायचा आणि आपलाच आवाज ऐकायचा. बस्स, एवढंच. पण आमची एक चिमणी आहे, खरंच चिमणीएवढी. शाळा सुरू झाल्यापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. एक दिवस सगळे घरी गेल्यावर मी मोबाइल लावला, तर त्यात चिमणीनं अख्खा धडा वाचलेला! मी त्या चटईवर बसून रडले. आणि आमच्या मोठ्या बाई म्हणतात, शाळेत मोबाइल म्हणजे खूळ. परिषदेनं निवड केली तर कोपरा राहील, नाहीतर सुट्टीनंतर मोबाइल कपाटात आणि चिमणी पुन्हा शेवटच्या बाकावर गप्प.

तो ऐकत होता. माझं बोलणं मध्ये न तोडता इतका वेळ ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

“तुमचं काय?” मी विचारलं.

“हॉस्पिटल. अर्धांगवायूनं वाचा गेलेले लोक... त्यांना बोलायला शिकवतो. तेही असंच करतात. रोज एक वाक्य भरतात, ऐकतात.”

“बघा! आणि हे सगळं तुम्ही असं पोस्टकार्डासारखं लिहून ठेवलंय.”

मग त्यानं माझा प्रस्ताव वाचायला घेतला. पेन्सिल गालाला टेकवून.

“‘अत्यंत’ तीनदा आहे.”

“ते अत्यंत गरजेचं आहे!”

“चार झाले.”

अशी कापाकापी चालली. माझं एकेक लाडकं विशेषण जात होतं आणि मला त्याचं दुःख होत नव्हतं, हे काही बरं लक्षण नव्हतं. शेवटी तो एका वाक्यापाशी थांबला: ‘स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना आधी दचकायला होतं, मग हसू येतं, आणि मग तोच आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो.’

“हे काढा.”

“ए, नाही हं! जीव आहे माझा त्यात.”

“काढा आणि... इकडे द्या. आमच्या पेशंटांचं अगदी असंच होतं. इतकं छान सांगता नाही येत.”

असं कुणी मागितल्यावर कोण नाही म्हणेल? दिलं. त्याचे शब्द पुरे झाले, त्यानं प्रस्ताव पाठवला आणि उठता उठता म्हणाला, “आपण कॉफी घेऊन येऊ.”

मी लगेच पर्स उचलली. व्हरांड्यातल्या यंत्रापर्यंत पोचलो तरी तो माझ्याकडे बावरून बघत होता.

“काय झालं?”

“खरं तर... एकट्यानंच जायचा विचार होता.”

“‘आपण’ म्हणालात ना!”

त्याचे कान लाल झाले. “ते... एक अक्षर आहे. प, फ, ब, भ... आणि त्याच्या पुढचं. शब्दाच्या सुरुवातीला ते आलं की जीभ अडते. त्यामुळे स्वतःला ‘आपण’ बोलायची सवय लागली.”

“म्हणजे—”

“तोही शब्द नाही जमत.”

“मग?”

“तोही नाही.”

आणि मी, शहाणी ना मी, पटकन बोलून गेले, “आणि तुम्ही लोकांना बोलायला शिकवता!” बोलले आणि वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

तो मात्र मोठ्यानं हसला. “दिव्याखाली अंधार! बोला, बोला, सगळे बोलतात.” मग कॉफीचा कप माझ्या हातात देत, जरा गंभीर होऊन म्हणाला, “एकच विनंती. अडलो की वाक्य पुरं करून देऊ नका. थोडी वाट बघा.”

वाट बघा! मला! आई म्हणते, माझ्यासमोर जांभई द्यायचीसुद्धा चोरी, मी तिचाही अर्थ सांगते. पण त्या दुपारी, गरम कप या हातातून त्या हातात नाचवत, मी कबूल केलं. “बघेन.”

तो हॉस्पिटलला पळाला. मी खोलीत परतले. पाचाला थोडीच मिनिटं होती. माझा छाटलेला प्रस्ताव कसा गोरागोमटा दिसत होता, पण त्या वाक्याशिवाय तो मला माझा वाटेना. तीनशेला अजून दहा-बारा शब्द कमी होते. दोन ‘आणि’ काढले, कुठे दोन शब्दांचा एक केला... आणि ते वाक्य गुपचूप परत आणून बसवलं. दिलेली वस्तू परत घेऊ नये, हे मी वर्गात रोज शिकवते. कळ दाबली आणि आनंदानं शीळ घातली. शांततेच्या पाटीखालीच!

त्यानंतर तो कोपरा बघायला शाळेत आला. एकदा आला, मग ‘नीट बघायचा राहिला’ म्हणून पुन्हा आला. चटईवर मांडी घालून मुलांना धडा वाचून दाखवायला बसला, आणि धडा नेमका मांजराचा. “म...” तो थांबला. ओठ मिटलेले, मान किंचित वर. मुलं टकामका बघायला लागली. माझ्या जिभेवर मांजर अगदी उडी मारायला टपलं होतं. तेवढ्यात कपाटाकडून बारीकसा आवाज आला.

“सावकाश. घाई नाही.”

चिमणी! मोबाइलमधून नव्हे, स्वतः, भर वर्गात. मी तिला रोज जे म्हणायचे ते तिनं त्याला म्हटलं. तो तिच्याकडे बघून हसला, आणि मांजर आलं. मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता, डोळे पुसायचे होते.

“हल्ली फोनवर तू ऐकत असतेस,” आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. “तब्येत बरी आहे ना?”

“आई!”

“विचारलं गं नुसतं. ऐकायला लावणारा कोण आहे, एवढं सांग.”

सांगणार काय, कप्पाळ? तो काही बोलत नव्हता. आणि मी, जी बाजारात अनोळखी बाईलाही तिच्या साडीवरून चार गोष्टी ऐकवते, तिला ही एक गोष्ट विचारता येत नव्हती.

आणि मग परिषदेची मेल आली. ‘आपल्या प्रस्तावातील एक वाक्य दुसऱ्या प्रस्तावाशी शब्दशः जुळते. समक्ष येऊन खुलासा करावा. अन्यथा दोन्ही प्रस्ताव बाद होतील.’

माझा हावरटपणा! एका वाक्यापायी मी कोपरा घालवला होता, चिमणीला घालवलं होतं, आणि बिचाऱ्या त्याच्यावर चोरीचा आळ आणला होता. मी लगेच फोन केला आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. मी वाट बघितली. मग हळूच, “उद्या भेटू,” आणि फोन बंद. झालं! कट्टी. पुरती कट्टी. मी उशीत तोंड खुपसून रडले.

सकाळी परिषदेच्या कार्यालयात गेले, तर बाकावर तो आधीच बसलेला. इस्त्रीचा शर्ट. केस चक्क विंचरलेले. काही बोलायच्या आत आम्हाला आत बोलावलं.

अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, करड्या नजरेच्या. दोन कागद समोर ठेवून म्हणाल्या, “हे वाक्य कुणाचं? खरं काय ते सांगा.”

“माझं आहे,” मी म्हणाले. “पण मी ह्यांना दिलं होतं, आणि मग ह्यांना न सांगता परत—”

“नाही,” तो घाईनं उठून उभा राहिला. “चूक आपली आहे.”

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. “आपली? म्हणजे दोघांची? अहो, मग असं सरळ सांगा ना, की हे काम दोघांचं आहे! मी केव्हाची विचार करतेय, दोन अनोळखी माणसांनी एकच गोष्ट इतकी सारखी कशी लिहिली. एकात मुलं, एकात म्हातारी माणसं, आणि दोघांचं सांगणं एकच.”

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मीही. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसणं जमलं.

“समितीला दोन्ही आवडलेत,” बाई म्हणाल्या. “पलीकडच्या खोलीत बसा. दोन्हींचा मिळून एक प्रस्ताव करा, दोघांच्या नावानं. परिषदेत जागा मी देते. आणि हो, तीनशे शब्द!”

पलीकडच्या खोलीत आम्ही एका टेबलाशी बसलो. या वेळी मीच माझे शब्द कापले, भराभर. तो भर घालत होता. एकदा आमचे हात एकाच पेन्सिलीवर पडले आणि दोघांनीही पेन्सिल सोडली. ती घरंगळत जमिनीवर गेली आणि बराच वेळ कुणी उचललीच नाही. ते वाक्य मात्र तसंच ठेवलं, एकदाच.

अध्यक्षबाईंनी वाचून सही केली. मी मोठ्या बाईंना फोन लावला. “निवड झाली?” त्या म्हणाल्या. थोडं थांबून, “बरं. ती चटई फाटलीय, नवी मागवते.” मी व्हरांड्यात तिथल्या तिथे गिरकी घेतली. तो बघत होता, हसत होता.

जिना उतरताना बाहेरचा वारा आत येत होता, सुकी पानं पायऱ्यांवर सरसरत होती. तो म्हणाला, “शाळा जवळच आहे. आपण... चालत जाऊ.”

मी थांबले. “एक विचारू? आत ‘चूक आपली’ म्हणालात, ते कुठलं ‘आपण’?”

“एकट्याचं. बाईंनी दोघांचं ऐकलं.”

“आणि आत्ता म्हणालात ते?”

तो एक पायरी खाली उतरून थांबला. आता आमचे डोळे समोरासमोर आले होते. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“म...”

ओठ मिटले. मान किंचित वर झाली. माझ्या जिभेच्या टोकाशी ‘म’चे किती शब्द गोळा झाले म्हणून सांगू! एकेक पुढे ढकलायला मी अधीर झाले होते. पण जीभ दातांत घट्ट धरली. खाली कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. एक पान माझ्या ओढणीला येऊन चिकटलं. मी वाट बघत राहिले.

“म... म... मला,” तो म्हणाला, आणि मग बाकीचं एका दमात, “तुम्ही आवडता.”

मी. तीनशेत न मावणारी मी. नुसती उभी.

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. “शब्द अपुरे आहेत?” त्यानं हळूच विचारलं.

“हो,” मी कशीबशी म्हणाले. “उसने द्या की थोडे.”

“कोणते?”

“तेच. आत्ताचे.”

तो हसायला लागला, आणि हसता हसता पुन्हा त्या अक्षरावर अडकला. “सावकाश,” मी म्हटलं, “घाई नाही.” त्यानं ते पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा सोप्पं. मग माझी पाळी आली. मी मोठ्या ऐटीत तोंड उघडलं आणि, काय सांगू तुम्हाला, ‘म’वरच माझी बोबडी वळली. “म...” मी म्हणाले. “म...”

त्यानं वाक्य पुरं करून दिलं नाही. माझ्या ओढणीवरचं पान काढून हातात धरून, हसत, तो वाट बघत उभा राहिला.