मोहोर शाबूत होती

सभागृहात निविदांचा शेवटचा लिफाफा फुटला. गरिबांच्या घरांच्या नव्या इमारतींचा ठेका पुन्हा पैलवानाला गेला होता, सलग तिसऱ्यांदा. ताईंच्या दरापेक्षा त्याचा दर कमी होता तो कितीने, तर एखाद्या खोलीच्या रंगकामाएवढ्या रकमेने.

ताई उठल्या. नवऱ्यामागे त्याचा बांधकामाचा धंदा त्या एकट्या ओढत होत्या.

"साहेब, माझा लिफाफा कुणीतरी वाचतंय," त्या म्हणाल्या. "तक्रार लिहून देते. मग तुम्ही आहात आणि तुमची पेटी आहे."

दुसऱ्या दिवशी दक्षता विभागाच्या बाई आल्या. लिफ्ट बंद होती आणि गुडघ्यांनी तर कधीचाच संप पुकारलेला. जिना चढताना त्यांच्या मनात आलं, आयुष्य असल्या पेट्या हुंगण्यात गेलं आणि प्रत्येक पेटीच्या तळाशी कुणाची तरी हावच निघाली. नव्याने काही सापडेल ही आशा त्यांनी सोडून दिली होती.

साहेबांनी निकाल आधीच लावून ठेवला होता.

"सरळ प्रकरण आहे, बाई. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली माझ्या खणात, दुसरी कोठी सांभाळणाऱ्या अण्णांकडे."

"तुमच्या खणाला कुलूप आहे?"

साहेब जरा वरमले. "नाही. म्हणूनच म्हणतो, अण्णांना दोन्ही किल्ल्या मिळतात. आणि पैलवान अण्णांचा साडू आहे, हे लेखापालांनीच लक्षात आणून दिलं. आज संध्याकाळी निलंबनावर सही करतोय."

"आज नको. ही निविदा रद्द करा, नवी मागवा. तोवर थांबा."

"थांबतो. पण पुन्हा पैलवानच आला, तर अण्णा घरी."

अण्णा कोठीत पेटीशेजारीच बसले होते. निवृत्ती तोंडावर आलेला माणूस, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं.

"साडूशी बोलता?"

"त्याला पहिला ठेका मिळाला तेव्हापासून नाही. लोकांची तोंडं कोण धरणार?"

"लिफाफ्यावर लाख कोण लावतं?"

"ठेकेदार स्वतः. लावून आणतो, माझ्यासमोर पेटीत टाकतो. मी हातसुद्धा लावत नाही. पेन्शन अडकेल त्याचं मी बघून घेईन, बाई. पण चोर म्हणून या जिन्याने उतरायचं म्हणजे..."

बाईंनी जुने लिफाफे उजेडात धरले. कागद जाड, आतून काळं अस्तर. लाखेवरचे ठसे अखंड, कुठे सुरी नाही, कुठे वाफ नाही. ज्याने कुणी दर चोरला होता त्याने लिफाफ्याला बोटही लावलं नव्हतं. बाईंना एवढं कळलं आणि अधिकच थकवा आला.

लेखापालांनी स्वतःची उशीची खुर्ची त्यांना दिली. रोखपालाची जागा कित्येक दिवस रिकामी होती, त्यामुळे पैसे भरायची खिडकी तेच सांभाळत.

"अण्णा असं करणार नाही हो," ते म्हणाले. "नाकासमोर चालणारा माणूस. आमचा घरोबा आहे, मी ओळखतो ना. आता घरच्यांचा दबाव आला असेल तर कोण जाणे. बायका सख्ख्या बहिणी पडल्या."

"तुमच्याकडे किल्ली नाही?"

"छे! पेटीशी माझा संबंधच नाही."

संध्याकाळी बाई ताईंच्या घरी गेल्या. पायांत पाणी साचल्यासारखं झालं होतं. त्यांनी सरळ पाय स्टुलावर ठेवले.

"तुमचा दर तुमच्याशिवाय कुणाला माहीत असतो?"

"कुणालाच नाही. मुलालासुद्धा सांगत नाही मी."

"दर ठरला की मग?"

"मग काय, तेच ते. आदल्या दिवशी खिडकीवर अनामत भरायची, पावती घ्यायची. घरी येऊन दराच्या कागदाबरोबर ती लिफाफ्यात घालायची, लाख लावायची. सकाळी पेटीत."

"अनामत किती?"

"आपण लावलेल्या दराच्या शंभराला दोन. पूर्वी सगळ्यांना सारखीच होती. लहान ठेकेदारांना झेपावी म्हणून नियम बदलला. थोडी जास्त भरली तर चालते, कमी भरली की लिफाफा बाद."

"पैलवान कधी भरतो?"

"सगळ्यांत शेवटी. मी पावती घेऊन निघते, तेव्हा तो बाकावर आरामात पेपर वाचत बसलेला असतो."

बाईंनी डोळे मिटले. ताईंना वाटलं, त्यांना झोप लागली. मग बाईंनी हळूच दोन वाक्यं सांगितली.

"याने काय होईल?" ताईंनी विचारलं.

"कदाचित काहीच नाही. तरी करा. आणि कुणालाही ताकास तूर लागू देऊ नका."

नवी निविदा आली, मुदत सरली, पेटी पुन्हा सभागृहात आली. अण्णा दाराशी उभे होते. पुढे येऊन पेटीचं आपलं कुलूप काढताना त्यांच्या हातून किल्ली दोनदा निसटली. साहेबांनी ते पाहिलं आणि समोरचा निलंबनाचा कागद सारखा केला.

बाकीच्यांचे दर बरेच वर होते. पैलवानाचा त्या सगळ्यांच्या खाली. तो मिशीतल्या मिशीत हसला. मग ताईंचा लिफाफा फुटला.

पैलवानाचं हसू मावळलं. ताईंचा दर त्याच्याहून चांगलाच खाली होता.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "म्हणजे या वेळी लिफाफा आधीच कुणी फोडला नाही तर."

"तो कधीच कुणी फोडला नव्हता, साहेब," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "ताईंची अनामतीची पावती काढा. तिच्यावरून दर काढून बघा."

साहेबांनी आकडेमोड केली. पुन्हा केली. "हा दर बराच जास्त येतो. पैलवानाच्या दराच्या अगदी थोडा वर."

"रंगकामाएवढा?"

"साधारण."

"ताईंना मी मुद्दाम जास्त अनामत भरायला सांगितली होती. पावतीवरून जो दर निघतो, तो ताईंनी कधी लावलाच नाही. या पेटीतल्या कुठल्याच दराच्या कागदावर तो नाही. मग पैलवान नेमका त्याच्याच खाली कसा आला? अण्णांनी पेटी उघडली असती, तर त्यांना खरा दर दिसला असता. खोटा दर फक्त खिडकीवर दिसत होता."

सगळ्यांच्या माना लेखापालांकडे वळल्या.

"आपण लाखेला जपलं, कुलपांना जपलं," बाई म्हणाल्या. "आणि दर आदल्याच दिवशी खिडकीतून उघडा आत येत होता. अनामतीला पन्नासने गुणलं की झालं. पैलवान शेवटी यायचा, कानगोष्ट ऐकायचा, मगच स्वतःची अनामत भरायचा. जरा मोठा फरक ठेवला असता तर कुणाला संशयही आला नसता. पण तेवढंही त्याला सोडवलं नाही. अनामतीचा नियम बदलायचं कुणी सुचवलं होतं, साहेब?"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "लेखापालांनी."

लेखापाल भांडले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

"मुलीला घर नव्हतं," ते म्हणाले. "जावई बेकार. पैलवानाने तिला त्याच्या इमारतीत एक घर दिलं. पहिल्या पावसापासून भिंती गळतायत."

पैलवान खाली बघत होता. ताईंना राग येईल असं बाईंना वाटलं होतं, पण ताईंनी नुसता पदर तोंडाला लावला.

सभागृह रिकामं झालं. साहेबांनी निलंबनाचा कागद फाडला आणि अण्णांना बसायला खुर्ची दिली. अण्णा बसले नाहीत.

"माझं नाव कुणी पुढे केलं होतं, साहेब?"

साहेब बाईंकडे बघायला लागले. बाईंना खोटं बोलायचा मोह झाला. पण त्यालाही अंगात त्राण लागतं.

"लेखापालांनी," त्या म्हणाल्या. "अण्णा, तुमची साक्ष लागेल. खिडकी बंद झाल्यावर पैलवान आत थांबायचा, हे तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलंय. साडू म्हणून तोंड फिरवून जायचो."

"ते लिहून द्यावं लागेल. त्यावरच सगळं उभं राहील."

"मग त्या पोरीचं घर जाईल?"

"जाईल."

अण्णा आता खुर्चीत बसले. "तिला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय, बाई," ते म्हणाले. "माझ्याच घरात चालायला शिकली ती."

बाईंनी पेनचं टोपण काढलं नाही. वाट बघत राहिल्या.

"घ्या लिहून," अण्णा म्हणाले.